पोलीस प्रशिक्षणाचे पहिले दोन महिने: या चुका टाळा

भरतीसाठी धावून आलेल्या मुला-मुलींकडे दम असतो. नसते ती दिवसभर बूट घालून कडक मैदानावर टाच आपटण्याची हाडांची सवय. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. म्हणून नडगी पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोलू लागते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरणं. आधी नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत वरून खाली या. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ताण आहे. धावणं आणि उड्या कमी करा, सायकल किंवा पोहणं चालेल. पण एकाच बोटाखाली मावेल एवढ्या जागी कळ येत असेल, धावताना वाढत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे साफ आला म्हणून सुटलो असं समजू नका. पहिले दोन-तीन आठवडे तडा त्यात बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तसाच पाय रेटला तर हाड पुरतं मोडू शकतं. दुखणं लपवण्यात कसली आलीय मर्दुमकी!

बुटाचं माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. नवे बूट थेट लांब मार्चला घालू नका.

परेडमध्ये भोवळ येते ती बहुतेकदा बराच वेळ न हलता, गुडघे ताणून उभं राहिल्याने. रक्त पायात साचतं. सावधानमध्येही गुडघा किंचित सैल ठेवा, बुटातल्या बुटात बोटं आवळा-सोडा, पोटरी ताणा. उपाशीपोटी जाऊ नका.

पिस्तुलाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील आणि तुम्ही उजवे असाल, तर साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, दोष देण्याआधी प्रशिक्षकांना मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादं डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भरायला सांगा. डमीवर नळी खाली डुबकी मारते? मग धक्का येण्याआधीच तुम्ही मनगट दाबताय. पुन्हा गोळ्या झाडून हे सुटत नाही, उलट मुरतं. देखरेखीखाली, हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, नुसता ट्रिगर सरळ मागे ओढण्याचा सराव करा. पुढची साइट हलेनाशी झाली की मगच जिवंत काडतूस.