जुन्या शोकेसला नवा रंग द्यायचाय? फक्त पाठ रंगवा

हॉलमधली जुनी शोकेस काढून टाकूया असं दर दिवाळीच्या साफसफाईला घरात निघतंच, आमच्याकडेही निघायचं, पण लाकूड एकदम दणकट असेल तर प्लीज टाकू नका. अख्खं कपाट रंगवायचीही गरज नाहीये. आतली पाठ, म्हणजे मागचा प्लाय, तेवढाच एका ठसठशीत रंगात करा. सागवानी पॉलिश बाहेर तसंच राहू दे, त्याच्यापुढे हा रंग जास्त उठून दिसतो.

रंग ठरवताना आत काय ठेवणार ते आधी बघा. आमच्याकडे आजीची पितळी भांडी होती, तांब्या, समई, छोटा अडकित्ता, म्हणून मोरपंखी घेतला आणि जे पितळ इतकी वर्षं तपकिरी प्लायसमोर दिसतच नव्हतं ते अक्षरशः पेटल्यासारखं दिसायला लागलं. पांढरी क्रॉकरी असेल तर हळदी किंवा शेवाळी छान, पुस्तकं असतील तर गडद आणि शांत रंग घ्या कारण पुस्तकांच्या पाठी आधीच रंगीबेरंगी असतात. शेड कार्डावर विश्वास ठेवू नका, छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर रंगवा, तो पुठ्ठा खणात उभा करा आणि सकाळी एकदा, रात्री लाइट लावून एकदा बघा. पिवळ्या बल्बखाली निळा रंग हिरवट दिसतो.

आता काम. पाठ खिळ्यांवर असेल तर काढून आडवी ठेवूनच रंगवा, ओघळ येत नाहीत. नाहीतर फळ्यांच्या कडांना मास्किंग टेप लावा. १२० नंबरच्या काचपेपरने घासा, भोकांत लांबी (पुट्टी) भरा, सुकली की २२० ने परत घासून कोरड्या फडक्याने धूळ पुसा. सनमायका असेल तर चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासायचं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर मागून घ्यायचा, नाहीतर रंग नखाने निघतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. आधीचा ऑइलपेंट जुना असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं, म्हणून पाण्यात चालणारा काचपेपर भिजवून घासा, मास्क लावा, पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

प्रायमरचा एक हात, मग सॅटिन इनॅमलचे दोन हात, छोट्या फोम रोलरने. प्रत्येक हातानंतर रात्रभर सुकू द्या. पाच बाय चारच्या पाठीला अर्धा लिटर पुरतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, रंग चिकटच राहतो. आणि टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच काढा, मी पहिल्यांदा पार सुकल्यावर ओढली तर कडेचा रंग पापुद्र्यासारखा सोबत आला, परत सगळी कड करावी लागली.

सामान लगेच मांडू नका, आठवडाभर थांबा, नाहीतर मागे टेकलेली भांडी रंगाला चिकटतात. मांडताना निम्मंच सामान ठेवा, मागचा रंग दिसायला हवा ना!