आयात केलेल्या कार-अ‍ॅक्सेसरीजचा व्यवसाय परवडेल का? पहिल्या ऑर्डरआधीची पडताळणी

परदेशी पुरवठादाराचा कॅटलॉग हाती आला की बहुतेक जण कारखान्याचा दर आणि बाजारातील विक्रीचा दर यांतील फरक काढतात आणि त्यालाच नफा समजतात. या व्यवसायाचे भवितव्य मात्र किती माल विकला गेला यापेक्षा किती माल पडून राहिला यावर ठरते. म्हणून व्यवहार्यतेची तपासणी मालाच्या जातीपासून सुरू करावी.

कार-अ‍ॅक्सेसरीज या एकाच नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. फोन होल्डर, चार्जर, डॅशकॅम, टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप हा माल कोणत्याही गाडीला चालतो. तो पडून राहण्याचा धोका कमी असतो, पण तोच माल आणणारे अनेक असल्याने दर सतत खाली येतो. मॅट, सीट कव्हर, डोअर व्हायजर, मडफ्लॅप हा माल ठरावीक मॉडेललाच बसतो. यात मार्जिन बरे मिळते, मात्र साठ्याचे गणित अंगावर येऊ शकते.

मॅटचेच उदाहरण घेऊ. २० मॉडेल आणि प्रत्येकी ३ रंग ठेवायचे म्हटले की ६० प्रकार झाले. कारखान्याने प्रत्येक प्रकाराची किमान ५० सेटची ऑर्डर मागितली, तर ३,००० सेट घ्यावे लागतात. ६० × ४० × ५० सेंटिमीटरच्या एका खोक्यात ६ सेट मावतात असे धरल्यास ५०० खोकी होतात आणि ती ६० घनमीटर जागा व्यापतात. ४० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ६७ घनमीटर असते, म्हणजे नवख्या व्यापाऱ्याची पहिलीच ऑर्डर जवळजवळ अख्ख्या कंटेनरची झाली. त्यात गाडीची नवी पिढी बाजारात आली की जुन्या मापाची मॅट नव्या गाडीत बसेलच असे नसते, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची चालकाकडील मॅट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालत नाही. त्यामुळे सुरुवात चार-पाच मॉडेलांवरच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती मॉडेल निवडताना नव्या गाड्यांच्या विक्रीपेक्षा रस्त्यावर असलेल्या गाड्यांची संख्या महत्त्वाची असते. वाहननोंदणीची मॉडेलनिहाय आकडेवारी मिळत असेल तर ती आधी पाहावी. त्यानंतर अ‍ॅक्सेसरीज बसवून देणाऱ्या फिटरांशी बोलावे. दुकानदार काय खपते ते सांगतो, पण काय परत येते आणि का परत येते, हे फिटरलाच नेमके ठाऊक असते.

नियमांची चौकशी दराच्या वाटाघाटीआधीच करावी, कारण बंदी असलेल्या मालाला कोणताही दर महागच पडतो. काचेवरील फिल्म आणि मूळ हॅलोजनच्या जागी बसवायचे एलईडी बल्ब यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत. संयुक्त राष्ट्रांचे वाहन-नियम मानणाऱ्या देशांत गाडीतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी विद्युतचुंबकीय सुसंगततेचा (उपकरणाने गाडीतील इतर यंत्रणांत अडथळा आणू नये यासाठीचा) नियम क्रमांक १० पाहावा लागतो. वर्तुळातील ‘ई’ आणि शेजारचा आकडा ही त्या मान्यतेची खूण असते. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूसाठी यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा अहवाल मागावा; तो नसेल तर वाहतूकदार माल नाकारू शकतो. कारकंपनीचा लोगो छापलेला माल परवान्याशिवाय आणल्यास कस्टम्स तो बनावट ठरवून अडवू शकते.

सुरक्षेचा प्रश्न साध्या वाटणाऱ्या वस्तूंतही दडलेला असतो. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत रिकॉल जाहीर केला, तो मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटर पेडल अडकण्याच्या धोक्यामुळे. सीटमध्येच साइड एअरबॅग असेल, तर कव्हरची त्या बाजूची शिवण दाबाने उसवणारी असावी लागते, नाहीतर एअरबॅग वेळेवर उघडत नाही. अशा वस्तूंची जबाबदारी आयातदारावर येऊ शकते, म्हणून उत्पादन-दायित्व विम्याचा हप्ता खर्चात आधीच धरावा.

आता खर्चाकडे वळू. प्रत्येक वस्तूचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरण-क्रमांक, क्लिअरिंग एजंटकडून आधीच ठरवून घ्यावा. गाडीत लागणारी प्रत्येक वस्तू ८७०८ या वाहनभागांच्या शीर्षकात जात नाही: रबरी मॅट सहसा ४०१६ मध्ये, दिवे ८५१२ मध्ये आणि डॅशकॅम ८५२५ मध्ये मोडतो, आणि त्यानुसार शुल्काचा दर बदलतो. हे शुल्क काही देशांत मालाच्या एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीवर, तर काही देशांत भाडे आणि विमा धरून येणाऱ्या सीआयएफ किमतीवर आकारतात.

एका सेटची एफओबी किंमत १०० धरू. भाडे आणि विमा १८, म्हणजे सीआयएफ ११८. त्यावर १५ टक्के शुल्क गृहीत धरल्यास १७.७, बंदरखर्च, क्लिअरिंग, तपासणी आणि गोदामापर्यंतची वाहतूक १४.३. एकूण पडता खर्च १५०. विक्रीकर यात धरलेला नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो पुढे वळता करून घेता येतो का, हे वेगळे तपासावे. विक्रीदर २४० आणि प्रत्येक विक्रीमागे कमिशन, पोचवणी व परतावे यांचे ५० धरले, तर हाती १९० उरतात. १०० सेटना १५,००० लागले; सगळे विकले तर १९,००० येतात आणि ४,००० सुटतात. पण २५ सेट पडून राहिले, तर ७५ सेटचे १४,२५० येतात, म्हणजे ७५० चा तोटा. ना नफा ना तोटा हा बिंदू ७९ व्या सेटला येतो, आणि यात दुकानभाडे, पगार व व्याज अजून धरलेलेच नाही.

व्याज विसरू नये, कारण पैसा बराच काळ अडकतो. ३० टक्के आगाऊ आणि उरलेले माल रवाना होण्यापूर्वी, ही नेहमीची अट असते. उत्पादन, समुद्रप्रवास, क्लिअरिंग आणि मग विक्री धरता भांडवल वर्षातून जेमतेम दोनदा फिरते.

नमुने मागवल्यावर ते प्रत्यक्ष गाडीत बसवून पाहावेत. फोटोवरून माप ठरवू नये. नमुने कुरियरने येत असतील तर भाडे बहुधा आकारमानानुसार लागते. वरचे खोके १५ किलोचे असले, तरी घनसेंटिमीटरला ५,००० ने भागण्याच्या रूढ पद्धतीने ते २४ किलोचे धरले जाते. नमुना पसंत पडल्यावर कंटेनरमधील सामायिक जागेतून छोटा लॉट आणावा. त्याचा दर प्रतिनग महाग पडतो आणि कदाचित नफा अजिबात होत नाही, तरीही कोणता रंग हलतो आणि किती नग परत येतात, हे त्यातून कळते. माल निघण्यापूर्वीची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी आणि उरलेली रक्कम तिचा अहवाल पाहूनच द्यावी.

शेवटी तेच गणित पुन्हा मांडावे: चौथा हिस्सा माल पडून राहिला, चलनाचा दर ५ टक्क्यांनी विरुद्ध गेला आणि कंटेनर महिनाभर उशिरा आला, असे तिन्ही एकदम धरून. इतके होऊनही खर्च भागत असेल, तर ऑर्डर द्यावी. भागत नसेल, तर तोच माल वर्षभर एखाद्या जुन्या आयातदाराकडून घाऊक घेऊन विकावा. मार्जिन कमी मिळेल, पण प्रत्येक मॉडेलची खरी मागणी आपल्याच वहीत नोंदली जाईल.