जर्मनीत सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताय? पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सरळ रस्ता

हिंजवडी आणि चाकणमधून स्टुटगार्ट, म्युनिकला जाणाऱ्या पोरांकडून हमखास एकच प्रश्न येतो, दादा बॉक्स्टर घेऊ का. घ्या. तिथे वीस वर्षं जुनी पोर्शे बॉक्स्टर किंवा माझदाची एमएक्स-5 पगारदार माणसाला परवडते, रस्ते मस्त आहेत, स्टुटगार्टच्या शेजारीच ब्लॅक फॉरेस्टचे घाट आहेत, मग थांबायचं कशाला. फक्त ग्रुपवर जे सल्ले फिरतात ते आधी डोक्यातून काढा. त्यातला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "तिकडे टीयूव्ही असते रे, डोळे झाकून घे". ती तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते, त्यात ब्रेक, लाइट, स्टिअरिंग, गंज, धूर बघतात, गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे एवढंच ती सांगते. इंजिन किती टिकेल, क्लच किती उरलाय, मागे कधी ठोकली होती का, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

दुसरा सल्ला, "परत येताना इकडे घेऊन ये". तेही सोडा. आपल्या आयातीच्या नियमात वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. जर्मनीतल्या गाडीचं डावीकडे. गाडी तिथे घ्यायची, तिथेच चालवायची आणि तिथेच विकायची, असंच धरून चला.

गाडी बघण्याआधी

पत्त्याची नोंदणी, बँक खातं वगैरे झालेलं असणारच. लायसन्सचं मात्र बघा. आपलं भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सहा महिने तिथे राहायला लागल्यापासून मोजतात, गाडी घेतल्यापासून नाही.

मग इन्शुरन्सचा कोट. गाडी ठरवण्याच्या आधी, नंतर नाही. तिथे अपघाताशिवाय गेलेल्या वर्षांवर हप्ता ठरतो आणि नवीन माणूस अगदी तळापासून सुरू होतो, पुण्यातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या मानत नाहीत. त्यात स्पोर्ट्स कार, म्हणजे हप्ता अजून वर. प्रत्येक मॉडेलचा एक कोड असतो, गाडीच्या कागदावर 2.1 आणि 2.2 या रकान्यांत, तो विक्रेत्याकडून मागून घ्या आणि चेक24 या तुलना करणाऱ्या साइटवर टाकून बघा. दोन गाड्या सारख्याच किमतीच्या असल्या तरी हप्त्यात मोठा फरक पडू शकतो. फक्त उन्हाळ्यात चालवणार असाल तर ठरावीक महिन्यांपुरती नंबर प्लेट मिळते, कमीत कमी दोन महिने आणि जास्तीत जास्त अकरा, तेवढ्याच महिन्यांचा टॅक्स आणि इन्शुरन्स. उघडता येणाऱ्या टपाची गाडी असेल तर हाच हिशोब चांगला.

शोधणं आणि बघणं

मोबाइल डॉट डीई आणि ऑटोस्काउट24 या जाहिरातींच्या दोन साइट, बास. किंमत बाजारापेक्षा फार कमी असेल आणि मालक "सध्या परदेशात आहे, अ‍ॅडव्हान्स पाठवा" म्हणत असेल तर पुढची जाहिरात बघा.

एमएक्स-5 जुनी असेल तर दाराखालचे सिल आणि मागच्या चाकांच्या कमानी बोटाने दाबून बघा, टपाचं पाणी वाहून जायची भोकं बुजली की गंज तिथून सुरू होतो. बॉक्स्टरचं पहिलं मॉडेल आणि 2008 पर्यंतचं दुसरं मॉडेल, या दोन्हींच्या इंजिनात आयएमएस नावाचं एक बेअरिंग असतं, ते गेलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिनच जातं. पहिल्या मॉडेलमध्ये क्लचचं काम करताना ते बदलून घेता येतं, बदललं असेल तर बिल मागा, नुसतं तोंडी सांगितलेलं धरू नका. 2009 पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, बजेट असेल तर तीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. मॅन्युअल गिअरची असेल तर पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये इंजिन कधी मर्यादेबाहेर फिरवलंय का याची कंप्युटरमधली नोंद वाचून मिळते, ती मागा.

आणि चाकं, सायलेन्सर, स्प्रिंग बदललेले असतील तर प्रत्येक बदलाची परवानगी कागदावर आहे का ते बघा. नसेल तर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच रद्द होऊ शकते. मागच्या मालकाने लावलं होतं हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

थंड इंजिन स्वतः चालू करा, तुम्ही पोचायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर सरळ दुसरी वेळ मागा. मग टीयूव्ही, डेक्रा या तपासणी संस्थांकडे नाहीतर एखाद्या स्वतंत्र गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून तपासून घ्या. विक्रेता त्याला नाही म्हणाला तर तिथून निघा.

करार

इथे मात्र थांबा, कारण बहुतेक लोक फसतात ते इथेच, आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यावर. आपल्याकडे गाडी घेताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, संगम ब्रिजच्या आरटीओत एजंटने कागद सरकवले की आपण मोकळे होतो, त्यामुळे करार वाचायची सवयच नाही. तिथे दोन पानांच्या त्या करारावर सगळं उभं असतं. मॅक्स म्युलर भवनात जर्मनची बी1 पातळी केलेल्यालाही त्यातली भाषा जड जाते, तेव्हा लाजू नका, करार आदल्या दिवशी ईमेलवर मागवा आणि भाषा येणाऱ्या माणसासोबत बसून ओळ न ओळ वाचा.

मुळात कायदा तुमच्या बाजूचा आहे. डीलरकडून तुम्ही स्वतःच्या वापरासाठी गाडी घेतली तर गाडीत आधीपासून असलेल्या दोषाची जबाबदारी त्याची. जुन्या गाडीसाठी ही मुदत तो दोन वर्षांवरून एक वर्षावर आणू शकतो, पण पूर्ण काढून टाकू शकत नाही. 2022 पासून तर पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला की तो गाडी देतानाच होता असं धरतात, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. याला गेवेअरलाइस्टुंग म्हणतात, शब्द पाठ करून ठेवा. जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिनचं काम किती महाग असतं हे डीलरला माहीत असतं, म्हणून यातून सुटायला तो वाटा शोधतो.

पहिली वाट म्हणजे करारात "इम कुंडनआउफट्राग" हे शब्द घालणं. म्हणजे गाडी डीलरची नाही, कुणा खाजगी माणसाच्या वतीने तो विकतोय. कधी ते खरंही असतं, पण मग करारात त्या मालकाचं नाव आणि पत्ता पाहिजे आणि गाडीच्या कागदांवरच्या नावाशी तो जुळला पाहिजे. नाव नसेल तर सही नाही.

दुसरी वाट जास्त वाईट आहे. करारात तुम्हालाच व्यापारी दाखवतात, "हेंडलर", "उंटरनेमर", "गेवर्बं" किंवा "एक्सपोर्ट" असा एखादा शब्द कोपऱ्यात छापलेला असतो. दोन धंदेवाल्यांच्या व्यवहारात ती जबाबदारी काढून टाकता येते. माझ्या बाबतीत एका डीलरने टेस्ट ड्राइव्ह झाल्यावर हसत कॉफी दिली, किंमतही थोडी खाली आणली आणि मग जो करार पुढे ठेवला त्यात मी गाड्यांचा व्यापारी होतो. शब्द बदला म्हटलं तर सिस्टिममध्ये तसंच येतं म्हणाला. सिस्टिममध्ये काही येत नसतं, त्याने ते टाकलेलं असतं. मी उठून आलो आणि तुम्हीही उठाच, कितीही आवडलेली गाडी असो, कितीही लांबून ट्रेनने गेलेले असा, कारण तशी सही केल्यावर "मी तर आयटीवाला आहे" हे कोर्टात पटवून देत बसायची वेळ येते आणि परदेशात तेवढा वेळ आणि पैसा कुणाकडे नसतो.

तिसरी वाट, चांगली चालती गाडी पूर्ण किमतीला विकायची आणि कागदावर "बास्टलरफारत्सॉइग" लिहायचं, म्हणजे पार्टसाठी घेतलेली मोडकी गाडी. किंमत चालत्या गाडीची आणि कागद भंगाराचा, हे चालू देऊ नका.

मग अपघाताची ओळ. "उनफालफ्राय", म्हणजे अपघात न झालेली, एवढंच लिहिलं असेल तर तो विक्रेत्याने दिलेला शब्द आहे, खोटा निघाला तर धरता येतं. त्याच्या आधी "लाउट फोअरबेझित्सर" जोडलं असेल तर तो फक्त एवढंच म्हणतोय की आधीच्या मालकाने मला असं सांगितलं, म्हणजे तुमच्या हातात फारसं काही नाही. किलोमीटरच्या आकड्याचंही तसंच. ते दोन शब्द काढायला सांगा, खात्री असलेला माणूस काढतो.

खाजगी माणसाकडून घेत असाल तर तो दोषाची जबाबदारी पूर्ण नाकारू शकतो आणि जवळपास सगळे नाकारतात, त्यात गैर काही नाही. पण करारात लिहून दिलेल्या गोष्टी आणि मुद्दाम लपवलेले दोष यातून तो तरीही सुटत नाही. म्हणून तोंडी जे जे सांगितलं ते सगळं लिहून घ्या. बेअरिंग बदललंय, तर लिही. टप गळत नाही, तर लिही. चाव्या किती, सर्व्हिस बुक आहे की नाही, हिवाळी टायरचा सेट मिळणार का, लिही. एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेचा छापील नमुना फुकट मिळतो, तोच वापरा.

डीलर "आम्ही एक वर्षाची गॅरंटी देतो" म्हणाला तरी सैल पडू नका. ती बहुतेक वेळा वेगळी इन्शुरन्ससारखी पॉलिसी असते, त्यात अपवादांची यादी असते, आणि ती वर सांगितलेल्या कायद्याच्या जबाबदारीच्या जागी येत नाही, तिच्या जोडीला येते. दोन्ही मागा.

पैसे, नंबर प्लेट आणि घरी आणणं

गाडीच्या कागदांचे दोन भाग असतात, दुसरा भाग हातात आल्याशिवाय आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळल्याशिवाय पैसे नाहीत. पैसे समोर बसून, बँकेतून लगेच पोचणाऱ्या ट्रान्सफरने.

इन्शुरन्स कंपनीकडून सात अक्षर-आकड्यांचा ईव्हीबी नंबर, म्हणजे इन्शुरन्स असल्याची खूण, घ्या, तो, पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, गाडीचे दोन्ही कागद आणि टीयूव्हीचा रिपोर्ट घेऊन नोंदणी ऑफिसात जा, टॅक्स खात्यातून कापायची परवानगी तिथेच देता येते. गाडी दुसऱ्या गावात असेल तर पाच दिवसांची तात्पुरती प्लेट मिळते, त्यासाठीही ईव्हीबी लागतो आणि टीयूव्हीची मुदत चालू असावी लागते.

पुण्याला परत यायच्या निदान तीन महिने आधी विकायला काढा, टपाची गाडी एप्रिल-मेमध्ये चांगली जाते, नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाईक पाडून मागतं. विकताना नोंदणी स्वतः रद्द करून मगच गाडी द्या, म्हणजे नवीन मालकाने उशीर केला तरी टॅक्स आणि हप्ता तुमच्या खात्यातून जात राहणार नाही. उरलेल्या महिन्यांचा टॅक्स आणि हप्ता दोन्ही परत मिळतात, म्हणून ते जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.