डाव किती वाजता संपेल?

बुद्धिबळ स्पर्धेच्या पत्रकावर ‘९०+३०’ असतं, म्हणजे प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची भर; पण मुलाला न्यायला कधी यायचं ते कळत नाही. दोन्ही आकडे मिनिटं समजून बेरीज करा आणि खेळाडू दोन म्हणून दुप्पट करा. ६० चालींना दर चालीमागे ३० सेकंद म्हणजे ३० मिनिटंच होतात. म्हणून ९०+३० म्हणजे ४ तास, १५+१० म्हणजे ५० मिनिटं, ३+२ म्हणजे १०. डाव लवकरही आटोपतो, पण हडपसरहून कोथरूडला स्पर्धेला नेताना जास्तीचा वेळ धरूनच डबा भरा.

एक सांभाळा: ६० चालींपुढे डाव लांबतो. आणि ३० सेकंदांची भर असेल, तर घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली तरी चाली लिहाव्याच लागतात. घाईत मुलं पेन खाली ठेवतात.