कॉलेजच्या हॅम क्लबचा इतिहास लिहायचाय? आधी लॉगबुक उघडा

आमच्या हॅम क्लबचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचा, इतिहास लिहायचा ठरलं तेव्हा प्रत्येकाने आधी घरातले फोटो काढले. ढाल स्वीकारताना, फीत कापताना, नव्या सेटभोवती दाटीवाटीने उभं राहून. तीन रविवार त्यात गेले आणि कळलं काय, तर कोण कुठल्या रांगेत उभं होतं. रात्री दोन वाजता त्या खोलीत कोण बसायचं, कुणाशी बोलणं व्हायचं, यातलं काही त्या फोटोंत नव्हतं. ते सगळं लॉगबुकात, म्हणजे रेडिओवरच्या प्रत्येक संपर्काची नोंद ठेवायच्या वहीत होतं. म्हणून तुम्ही या कामाला हात घालणार असाल तर माझं पहिलं सांगणं हेच: फोटो नंतर, लॉगबुक आधी.

लॉगबुकं मिळतील कुठे? कपाटात नसतील. आमची बरीचशी एका सुट्टीत रद्दीत गेली. जी सात वाचली ती प्रयोगशाळेतल्या काकांनी मीटरच्या खोक्याखाली ठेवली होती म्हणून. शिपाई, प्रयोगशाळा सहायक, हॉस्टेलचे जुने रेक्टर यांना आधी भेटा. प्राध्यापक बदलून जातात, ही माणसं तीस-तीस वर्षं त्याच आवारात असतात.

वही हातात आली की लगेच प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचासुद्धा. मग रकाने समजून घ्या: तारीख, वेळ, समोरच्याचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह), फ्रिक्वेन्सी, मोड (बोलून की मोर्सने), दिलेला आणि मिळालेला रिपोर्ट, आणि शेवटी शेरा. रिपोर्टमध्ये ५९ असेल तर आवाज स्पष्ट आणि जोरकस होता. ५९९ असेल तर तो बहुधा मोर्सचा (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीचा) संपर्क, कारण तिसरा आकडा सुराचा असतो.

आता वेळेचा रकाना. इथे घाई करू नका, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हॅम मंडळी वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत केलेला प्रत्येक संपर्क वहीत आदल्या दिवशीच्या तारखेला पडतो.

आमच्या वहीत एक ओळ आहे: २९-९-९३, २३५०, १४४ मेगाहर्ट्झ, एफएम, ५९. शेऱ्यात बारीक अक्षरात, मराठीत: 'हादरा? होय. पलंग सरकला.' आमच्या एका सहकाऱ्याने हे वाचून लिहून टाकलं होतं की किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी पुण्यात हादरा बसल्याची नोंद क्लबकडे आहे. छापून गेलं असतं तर केवढा गोंधळ झाला असता! २३५० मध्ये साडेपाच तास मिळवा: ३० सप्टेंबर, पहाटेचे पाच वीस. भूकंप झाला ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे यूटीसीने २९ तारखेला २२२६. हादऱ्यानंतर दीड तासाच्या आत हॉस्टेलच्या खोलीतून कुणीतरी शहरातल्या दुसऱ्या हॅमला विचारत होतं, तुम्हालाही जाणवलं का. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते, त्याच इमारतीत. ते अक्षर कुणाचं, हे मला वही बघताक्षणी कळलं आणि पुढचं पान उलटायला मला वेळ लागला.

त्या वहीने आणखी एक शिकवलं. आमचे दोघे सीनियर सेट घेऊन किल्लारीला गेले होते, हे सगळ्यांना आठवत होतं. कधी गेले, किती दिवस राहिले, यावर मात्र एकमत होईना. शेवटी आम्ही नसलेल्या नोंदी मोजल्या. त्या दोघांचं अक्षर वहीतून अकरा दिवस गायब आहे. म्हणून प्रत्येक ऑपरेटरच्या अक्षराचा एक नमुना वेगळा काढून ठेवा. कोण कधी होतं यापेक्षा कोण कधी नव्हतं, हे पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं.

माणसं ओळखताना एक गफलत सांभाळा. जुन्या नियमांत खालच्या श्रेणीच्या परवान्याला व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन मिळायचा आणि मोर्सचा वेग वाढवून वरची परीक्षा दिली की व्हीयू२. त्यामुळे वहीत दोन दिसणारे ऑपरेटर प्रत्यक्षात एकच असू शकतात. आमच्या पहिल्या यादीत सभासद जास्त भरले ते यामुळेच. कॉलसाइन बदलला तरी सात आणि नऊ काढायची ढब बदलत नाही, तिच्यावरून जुळवा.

क्यूएसएल कार्डांचा (संपर्काची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती कार्डं) गठ्ठा मिळाला आणि शिक्के पुसट असतील, तर कॉलसाइनमधल्या देशाच्या खुणेवरून काळ ठरवता येतो. पूर्व जर्मनीच्या कार्डांवरचे कॉलसाइन १९७९पर्यंत डीएमने सुरू होतात, १९८०पासून वाय२ वगैरेंनी.  कार्डं इतिहासात छापताना पुढची बाजू छापा. मागच्या बाजूला लोकांचे घरचे पत्ते असतात, ते झाका.

लॉगबुकं संपली की गच्चीवर जा, हे मी अगदी मनापासून सांगते. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर अँटेनाची तार बांधायचा गंजलेला एक हूक आहे, दुसरा पाण्याच्या टाकीच्या भिंतीत. टेप लावली: वीस मीटर आणि वर थोडं. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (तारेची साधी अँटेना) म्हणजे साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ इतके मीटर. ७.१ला भागलं तर वीस येतात. म्हणजे ती तार ४० मीटर तरंगलांबीच्या बँडची होती. ज्या वर्षांची वही रद्दीत गेली, त्या वर्षांत पोरं कुठल्या बँडवर होती ते दोन हुकांनी सांगितलं.

मग मुलाखती. 'तेव्हाचे दिवस कसे होते, दादा?' असं विचारलंत तर 'फार छान' एवढंच मिळेल. वस्तू विचारा. शिडी कुणाची आणली? ट्रान्समीटरचा ८०७ व्हॉल्व्ह कुठून घेतला, पुण्याच्या तपकीर गल्लीतून की मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन? पहिला होमब्रू (घरी बनवलेला) ट्रान्समीटर लावल्यावर शेजारच्या कुणाच्या रेडिओत खरखर आली? एक वयस्कर सर अर्धा तास काही बोलेनात. मी मोर्स की (मोर्स वाजवायची कळ) समोर ठेवली आणि त्यांनी काही न विचारता क्लबचा कॉलसाइन वाजवला. त्यानंतर दोन तास बोलले. सायलेंट की झालेल्यांच्या, म्हणजे वारलेल्या हॅमच्या, घरी जाताना मात्र आधी फोन करा आणि वही मागू नका, बघायला मागा.

खंड पडलेली वर्षं दिसली की लगेच 'क्लब बंद पडला' असं लिहू नका. कायदा तपासा. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानात हौशी परवाने रद्द झाले होते. अमेरिकेतही १९१७ आणि १९४१ साली हौशी प्रक्षेपण बंद केलं गेलं, त्यामुळे तिथल्या जुन्या विद्यापीठ क्लबांच्या इतिहासात तीच पोकळी दिसते. आणि 'सर्वात जुना' हे शब्द शक्यतो टाळाच. कोलंबिया विद्यापीठाचा क्लब १९०८चा, हार्वर्डचा आणि एमआयटीचा १९०९चा. स्थापना धरायची की अखंड काम, यावर उत्तर बदलतं. कोलंबियाच्या क्लबात एडविन आर्मस्ट्राँग विद्यार्थी म्हणून होता, रेडिओचा सिग्नल जोरकस करणारं रिजनरेटिव्ह सर्किट त्याने विद्यार्थिदशेतच शोधलं. सांगण्यासारखं ते आहे.

वही चाळताना काही दिवस मुद्दाम उघडून बघा: २६ जानेवारी २००१चा भूज भूकंप, २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी, ५ मे २००५ला हॅम मंडळींसाठीचा उपग्रह हॅमसॅट सोडला तो दिवस, २२ जून २०१६ला पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा स्वयम् उपग्रह पीएसएलव्हीतून गेला तो दिवस. मागचा-पुढचा एकेक दिवसही बघा, साडेपाच तास लक्षात ठेवून.

अलीकडची वर्षं सोपी वाटतील, कारण नोंदी संगणकावर एडीआयएफ (हॅम नोंदींचा ठरलेला प्रकार) फाइलमध्ये असतात. फाइल उघडली की वेळ सेकंदापर्यंत मिळते आणि शेऱ्याची जागा कोरी. डिजिटल मोडवर शंभर संपर्क, एक शब्द नाही. म्हणून इतिहासाची प्रत क्लबच्या खोलीत ठेवायला गेले तेव्हा मी ९३ची ती ओळ मोठी करून संगणकाशेजारी चिकटवली. त्या संध्याकाळी सेटवर बसलेल्या मुलीने संपर्क संपवला, क्षणभर थांबली आणि शेऱ्यात टाइप केलं: 'बाहेर गारा पडताहेत.'