भयकथा शिकवताना दिवे घालवू नका

अकरावीला इंग्रजी शिकवायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. अवांतर वाचनासाठी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ घेतली. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा, दोनशे पौंड आणि त्यापायी गेलेला मुलगा. म्हातारे आईबाप पंज्याकडे आधी पैसे मागतात, ते मुलाच्या मृत्यूची भरपाई म्हणून येतात; मग आई मुलगाच परत मागायला लावते, आणि रात्री दारावर थाप पडते. वर्गाच्या खिडक्या लावल्या, दिवे घालवले, स्पीकरवर लांबून रडणाऱ्या कुत्र्यांचा आवाज लावला आणि शेवटचा भाग आवाज चढवत-उतरवत वाचला. वर्ग चिडीचूप. दोघी तर किंचाळल्या. मला वाटलं, जमलं.

चाचणीत विचारलं, लेखकाने वातावरणनिर्मिती कशी केली? बहुतेक उत्तरांत ‘भीतीदायक शब्द वापरले’ आणि ‘बाहेर कुत्री रडत होती’. कथेत कुत्रं नाहीच. कुत्री माझ्या स्पीकरमधली. पेपर तपासता तपासता मला रडू आलं.

नव्याने शिकवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या, कारण फसल्याचं तेव्हा कळत नाही. मुलं घाबरली म्हणजे तास रंगला असं वाटतं. पण ती कशाला घाबरली? माझ्या आवाजाला. वाक्य काय करतं आहे ते मी त्यांना पाहूच दिलं नाही. लेखकाचं काम मीच करून टाकलं होतं. पीपीटीवर पडका वाडा दाखवणं, ‘भयाण, किर्र, गूढ’ अशी विशेषणांची यादी फळ्यावर लिहून देणं, गाईडमधली उत्तरं उतरवून देणं, ही सगळी त्याचीच भावंडं. यादी पाठ होते, वाचन होत नाही.

मला वाचवलं ते आमच्याकडच्या एका ज्येष्ठ बाईंनी. त्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि नंतर एवढंच म्हणाल्या, “सपाट आवाजात वाच गं. आणि पोटात गोळा येतो तिथे मुलांना पेन्सिलने रेघ मारू दे.” मार्गदर्शक धरायचा तर असा धरा. तयार नोट्सची फाईल हातात ठेवणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही प्रेमळ असो.

दिवे लावून तोच भाग पुन्हा वाचला. मेणबत्ती विझते. जिना करकरतो, भिंतीतून उंदीर पळतो. म्हातारा काडी ओढून खाली येतो, तीही विझते. आणि नेमकी तेव्हा दारावर थाप पडते, जेमतेम ऐकू येईल इतकी हळू, चोरटी. जवळजवळ सगळ्यांच्या रेघा इथेच. मग मी ‘हळू’ खोडून ‘धाडधाड’ लिहिलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मागून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मग तर शेजारचे आले असतील.” मी शब्दयादीत जे शोधत होते ते त्या पोराला एका शब्दात सापडलं. पुढे म्हातारी दाराची कडी काढायला धडपडते, हात पोचत नाही म्हणून खुर्ची ओढते. दाराबाहेर काय आहे ते जेकब्स शेवटपर्यंत दाखवत नाही. आपण फक्त ऐकतो. मुलांनी हे स्वतः शोधलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सुरुवातही सोडू नका. बाहेर गार, ओली रात्र. आत शेकोटी आणि बुद्धिबळ खेळणारे बापलेक. ही ऊब नसेल तर शेवटचा गारठा लागत नाही. लेखकाचा सूर आणि वाचकाच्या मनातली भावछटा यांतला फरक मात्र पहिल्याच तासाला सांगून मोकळे व्हा, त्यावर घोळ घालू नका.

एक कडक सूचना. ही मेलेल्या मुलाची गोष्ट आहे. वर्गात कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे का, हे वर्गशिक्षकांना आधी विचारा. असेल तर दुसरी कथा घ्या.

आणि पहिला तास फसला तर घाबरू नका, माझे तीन फसले. त्यानंतर मुलांना स्वतः लिहायला सांगितलं. बहुतेकांनी पिंपळ आणि अमावास्याच आणली. एका मुलीने मात्र आजीच्या झोपाळ्यावर लिहिलं. आजी असताना कड्या रोज करकरायच्या. ती गेल्यावर वडिलांनी झोपाळा काढून माळ्यावर टाकला. शेवटचं वाक्य होतं: ‘आज दुपारी बाबा म्हणाले, कड्यांना तेल घालायला हवं.’