नर्सिंगची पहिली नोकरी: बायोडाटात वॉर्ड लिहा

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग नुकतंच झालंय आणि सांगली-मिरजेच्या हॉस्पिटलांत अर्ज करताय? ‘अनुभव नाही’ लिहून मोकळे होऊ नका. शिकताना केलेली वॉर्डातली ड्युटी हाच तुमचा अनुभव. कोणता वॉर्ड, किती आठवडे, स्वतःच्या हातांनी काय केलं ते लिहा: ‘प्रसूती कक्ष, ६ आठवडे, बाळ-बाळंतिणीची देखरेख, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरणे.’ नुसतं पाहिलेलं काम ‘केलं’ म्हणून मात्र कधीच लिहू नका. त्यात रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नावाखालीच द्या. नोंदणी व्हायची असेल तर तसं स्पष्ट सांगा. मिरजेला कर्नाटकातूनही पुष्कळ रुग्ण येतात, त्यामुळे कन्नड बोलता येत असेल तर आवर्जून लिहा. वडिलांचा व्यवसाय, उंची, वजन गाळा. एक पान पुरतं.